बाबांची घडी

बुधवारी दुपारी बाबा शाळेत शिकवताना वारले. दादा इंग्लंडात शिकत होता. त्याच्या शेवटच्या परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

बाबांना माती देऊन परतल्यावर आई म्हणाली, "त्याला कळवू नको. पेपर हुंदे त्याचे."

दादा इंग्लंडला गेला तेव्हा पत्रं बोटीने जात. उत्तर यायला दोन महिने लागत. तोवर आपण काय विचारलं होतं, तेच आम्ही विसरलेलो असू. तसे दिवस असते तर आईचं म्हणणं सहज निभावलं असतं. पण त्या वर्षी आमच्या शेवगावच्या पोस्टात घड्या घालून चिकटवायची निळी एअर लेटरं मिळू लागली होती. विमानाने आठवड्यात पत्र पोचे, पुढच्या आठवड्यात उत्तर. "आता तुझ्या सबबी शिळ्या होत नाहीत," असं बाबांनी मला दादाला लिहायला लावलं होतं.

बाबांचा हात थरथरे, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. कागदाची शेवटची घडी त्यांची. तिथे दादाला बोलणी बसत : उशिरा उठतोस, चर्चची उपासना चुकवतोस, पत्र लिहितोस की तार करतोस.

अक्षर माझंच होतं, त्यामुळे ती अडचण नव्हती. रविवारी देवळातून आल्यावर लिहायला बसले. आईचं झालं, शेजारच्या म्हशीचं झालं, मग ती घडी उरली. तिथे लिहिलं, 'तब्येतीला जप. तू चांगलंच करशील.' पुढच्या रविवारीही जवळजवळ तेच. वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "लई गोड बोलत्यात की."

चौथ्या आठवड्यात दादाचं उत्तर आलं. 'बाबांनी दोन पत्रांत मला एकदाही झापलं नाही. ते कधी गेले?'

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता समदं लिही." कोणता धडा चालू होता, घरी कुणी आणलं, सगळं लिहिलं. शेवटची घडी कोरी ठेवली.

पेपर त्याने दिले, पासही झाला. त्याआधी त्याने लिहिलं होतं, 'आईला दोष देऊ नकोस. बोटीचं टपाल असतं तर दोन महिने मी बाबांना पत्रं लिहीत राहिलो असतो.'

यंदा दादाही गेला. त्याच्या पेटीत बाबा गेल्यानंतरची माझी ती एअर लेटरं निघाली. आता ती माझ्याकडे आहेत.