मास्तरांचे बिनडोक शिपाई

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक तासही घेतला नव्हता. कॉम्प्युटर गेममधल्या शत्रूंना शहाणं करणं हे त्यांचं काम. खेळणारा लपला तर शिपायाने कुठून जावं, साथीदार पडला तर पळावं की थांबावं, हे मास्तर ठरवत. चार वर्षं खपून त्यांनी या शिपायांना खरोखरीचं डोकं दिलं होतं. ते खेळणाऱ्याची खोड ओळखत, तीन खोल्यांचा वळसा घालून गुपचूप मागून येत. एरवी मास्तर मुलखाचे अबोल, पण शिपायांचा विषय निघाला की थांबता थांबत नसत. घरी धाकट्या बहिणीचे कान किटले होते.

गेम विकायच्या आधी बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळायला बसवत. गेम बनवणाऱ्याने काचेआड बसून फक्त बघायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कारण उद्या घरी खेळणाऱ्याच्या शेजारी समजावून सांगायला कुणी बसणार नसतं. नियम रास्त होता. म्हणूनच तो इतका छळायचा.

पहिल्या चाचणीला आठ जण आले आणि आठही जण पटापट मेले.

"हा कुठून टपकला?" एक जण ओरडला. "चीटिंग आहे राव ही!"

कॉलेजातल्या एका मुलीने तर अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं, 'शत्रू बिनडोक. नुसते आभाळातून पडतात.' काचेआड मास्तर तळमळत होते. तो बिचारा शिपाई केवढा विचार करून आला होता! पण तो विचार खेळणाऱ्याने पाहिलाच नव्हता, आणि न दिसलेल्या हुशारीचं कौतुक कुणी करत नाही. माणसांच्या बाबतीत तरी कुठे करतात?

"मास्तर, तुमचा शिपाई मनातल्या मनात विचार करतो," मोठ्या बाई म्हणाल्या. गेमची सगळी आखणी त्यांच्याकडे होती. "त्याला बोलायला लावा. आणि दोन गोळ्यांत मरू देऊ नका, लोकांना तो नीट दिसला पाहिजे. अजून एक चाचणी घेऊ. तरी तक्रार आली, तर ते डोकं काढून टाकायचं. त्याच्यापायी गेम अडखळतोय."

मास्तरांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी आरोळ्या रेकॉर्ड करून घेतल्या. 'तो पिंपामागे आहे!' 'मी डावीकडून जातो!' शिपायांची ताकद दुप्पट केली. चाचणीच्या सकाळी आरोळ्यांचा आवाज कमीजास्त करून बघायचा होता, आणि शिपाई पळत सुटले की ते जमेना. म्हणून मास्तरांनी त्यांचं डोकं तेवढ्यापुरतं बंद केलं. घाईत पुन्हा चालू करायचं राहून गेलं.

हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहून बाईंपुढे सरकवली. 'डोकं बंद आहे. थांबवा.' बाईंनी ती वाचली आणि बोटाने काचेपलीकडे दाखवलं.

खेळणारे खुर्चीच्या कडेवर आले होते. शिपाई जागच्या जागी उभा राहून 'मी डावीकडून जातो' असं ओरडत होता आणि कुठेही जात नव्हता. कॉलेजातली तीच मुलगी डावीकडच्या रिकाम्या भिंतीवर गोळ्या झाडत होती. तेवढ्यात समोरच्या शिपायाने तिला टिपलं.

"बापरे, घेरतात हे!" ती म्हणाली. "काय डोकं आहे यांना!"

सगळ्या कागदांवर तेच होतं.

"बाई, उद्या चालू करून पुन्हा एकदा बघू," मास्तर म्हणाले.

"कशाला? लोक खूश आहेत, गेम हलका चालतोय. मला वाईट वाटतं, मास्तर. पण तुम्हीच सांगा, मी काय करू?"

बाई चुकत असत्या तर निदान भांडता आलं असतं. ते डोकं काढायचं कामही त्यांच्यावरच आलं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. चार वर्षांचं काम दोन दिवसांत पुसलं गेलं. त्यांना ढसाढसा रडावंसं वाटलं, आणि भर ऑफिसात रडताही येईना.

गेम बाजारात आला, गाजला. 'इतके हुशार शत्रू पाहिले नव्हते,' असं जो तो लिहू लागला. रविवारी दुपारी बहीण खेळत बसली होती.

"दादा, कमाल केलीस तू! माझी प्रत्येक खोड ओळखतात रे हे."

"त्यांना डोकं नाहीये. मीच काढलं."

"पुरे झाला नम्रपणा. मी खेळतेय ना? मला दिसतंय."

मास्तर इरेला पेटले. निदान घरात एकाला तरी खरं कळू दे. त्यांनी तिच्या हातातलं कंट्रोलर घेतलं, एका शिपायासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता नीट बघ."

शिपाई ओरडला, 'मी उजवीकडून जातो!' आणि होता तिथेच उभा राहिला.

"बघितलंस? हलतो का जागचा?"

बहीण डोळे विस्फारून बघत होती. "काय बेरकी आहे मेला! आपण उजवीकडे बघावं म्हणून ओरडतो, आणि स्वतः हलत नाही!" मग तिने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "चार वर्षं हेच शिकवत होतास ना रे त्यांना?"

मास्तरांनी कंट्रोलर तिच्या हातात परत दिलं.

"हो," ते म्हणाले.