पायवाले डॉक्टर

वणीच्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात सर पेशंटला हात लावण्याआधी एकच गोष्ट विचारत, "बरं झाल्यावर पयलं काम काय करणार?" मिळालेलं उत्तर त्याच्याच बोलीत फाइलच्या पहिल्या ओळीत उतरवत. व्यायाम, आठवडे, गुडघा किती वाकतो, हे सगळं त्याखाली. लोक त्यांना पायवाले डॉक्टर म्हणायचे.

मी नवीन असताना राजूरच्या खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा अर्धांगवायूनंतर आले. मी फाइलमध्ये लिहिलं, "चालण्यात सुधारणा आहे." सरांनी ते खोडलं. "सुधारणा म्हंजे काय? तुले काय दिसलं ते लिही." मग आजोबांकडे वळून त्यांनी आपला प्रश्न विचारला. आजोबा खाली पाहत म्हणाले, "सून संडासपर्यंत हात धरून नेते. मले लाज वाटते." सरांनी उपचारांचा आराखडाच बदलला. महिनाभर चालणं कमी, उठणं-बसणं जास्त. आजोबा एकटे जाऊन आले, त्या दिवसाच्या नोंदीत सरांनी घड्याळातली वेळही लिहिली.

खोटं मात्र लिहीत नसत. मारेगावच्या एका बाईंच्या उजव्या हातात ताकद आलीच नाही. नवरा म्हणाला, "थोडं बरं लिहा ना सर, तिले धीर येईन." सरांनी "फरक नाही" असंच लिहिलं आणि त्याच दुपारी तिला डाव्या हाताने कणीक मळायला शिकवायला बसले.

सर केंद्राच्या वरच्या खोलीत एकटे राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. पुढे त्यांचं अक्षर बारीक होत गेलं, हात थरथरू लागला. कंपवात. एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे कोरी फाइल ठेवली. "माही बनव."

मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"संध्याकाळी कोणासंगं तरी बोलता आलं पायजे," ते म्हणाले. "तेवढंच लिही."

मग केंद्र बंद केलं की मी वर जाऊ लागले. या आजारात आवाजही खोल जातो, तो टिकावा म्हणून त्यांच्याकडून मोठ्याने पेपर वाचून घ्यायचे, मग आम्ही बोलत बसायचो. सात महिने हे चाललं. ते दोनदा पडले, तेव्हा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. त्याचंही बरोबरच होतं.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. आवाज इतका खोल गेलाय की शब्द कळत नाहीत. मी ऐकत राहते. ते थांबले की "हो सर" म्हणते, आणि ते पुन्हा बोलू लागतात.