फोटोसाठी हलवलेल्या झेंड्या

मी फोटोसाठी झेंड्या हलवल्या, त्याच दिवशी डोमाजी आबांचं बियाणं मेलं.

आबा परवा गेले. ताप डोक्यात गेला म्हणतात.

पवनीकडचे शेतकरी. पुराचं पाणी त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आठ-आठ दिवस थांबायचं. त्यातही उभा राहणारा धान त्यांच्या घरी होता, आईच्या वेळचा.

आमच्या कॉलेजला क्लायमेटचा प्रोजेक्ट मिळाला. आशियातली कितीतरी विद्यापीठं त्यात. आबांनी बांधी दिली, बियाणंही दिलं.

रोवणी आम्ही पोरापोरींनी केली. वीस चौकोन. लाल झेंडी आबांचा धान, पांढरी नवीन जात.

"कुठं काय लावलं त्याचा नकाशा मग काढू," प्रोजेक्टचे सर म्हणाले.

मग बाहेरदेशचे पाहुणे आले.

"अरे, लाल झेंड्या सगळ्या आबांच्या मागं रांगेत घे. फ्रेम चांगली येते," सर मला म्हणाले.

घेतल्या. परत लावताना माझं लक्ष प्रणालीकडे होतं. याच प्रोजेक्टवर रिसर्च करायची ती. मी तिच्यामागे पागल होतो. आहे अजून.

झेंड्या उलट्या लागल्या, लाल पांढरीच्या जागी, पांढरी लालच्या. नकाशा त्यावरूनच निघाला.

पूर आला, ओसरला. लाल झेंडीचा धान सडला, पांढरीचा उभा.

आबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. "हा उभा हाये तो माहा धान हाये बाबू. पान पाह्य ना याचं."

सर हसले. "आबा, डेटा वेगळं सांगतो."

"असंन. तुमी शिकलेले लोक."

त्या रात्री मी मोबाइलमधले झेंड्या हलवण्याआधीचे फोटो काढून पाहिले. आबांचंच खरं होतं. सकाळी प्रणालीला दाखवले.

"पेपर गेलाय माझा. नको ना बोलू काही. माझ्यासाठी."

तिच्यासाठी मी चूप बसलो. चार महिने.

थू आहे माझ्यावर.

मग आबा बाजारात भेटले. "सारं बियाणं मिलवर नेलं बाबू. कॉलेजनं नवीन देलं ना. भात गोड लागला मात्र."

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर फोटो ठेवले.

"एका झेंडीपायी साऱ्यांचं करिअर खराब करतो काय?"

मी कॉलेज सोडलं. लोक म्हणाले, पोरीपायी सोडलं. म्हणू द्या.

पण आबांकडे मी गेलोच नाही. कोणत्या तोंडानं जाणार? यंदाच्या पुरात नवीन जात लावलेली त्यांची पूर्ण बांधी सडली. तरी आईचा धानच कच्चा होता, असं समजूनच ते गेले.

आज कॉलेजात शोकसभा. एसी हॉल, बॅनर. बॅनरवर आबांचा फोटो. तोच, पाहुणे आले त्या दिवशीचा. मागे लाल झेंड्या, रांगेत.

त्या फोटोला हार.

सर 'आबांचं योगदान' सांगून राहिले होते. मी उठलो.

"त्या झेंड्या मी हलवल्या. उभा राहिला तो आबांचा धान होता."

"भावना समजतात आम्हाला. बस खाली," सर म्हणाले.

मंचावर बसलेल्या प्रणालीनं हातातल्या कागदातून मान वर केली नाही.

मी बॅनरपुढे गेलो, चप्पल काढली.

"आबा, तुमचा धान खरा होता. मले माफ नका करू. जा निवांत."

चप्पल घातली, बाहेर आलो आणि हॉलचं दार ओढून घेतलं.