काकी ग्रां बेला गेल्या

काकींनी पदर कमरेला खोचला की समजायचं, आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

आमचे पणजोबा समुद्र ओलांडून ऊस तोडायला ज्या बेटावर आले, तिथल्या आमच्या बों अक्योय गावात संध्याकाळचा मराठीचा वर्ग सुरू झाला तेव्हा मुलांना बसायला काही नव्हतं. मी शिकवायला नवी होते. बाकं कुणाकडे मागायची याचा विचार करत होते. काकींनी पदर खोचला आणि गल्लीतल्या दारोदार जाऊन स्टूल, खोकी, मोडकी बाकडी गोळा केली. एका घरात म्हातारे आजोबा बसले होते ती खुर्चीच त्यांनी मागितली. "तुमी ओट्यावर पन बसाल. पोरांनी अक्षर कुठं गिरवायचं?" आजोबा मुकाट्याने उठले.

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल, म्हणून फार वर्णन करत नाही. ठेंगणी, सावळी, हातांवर कायम वांग्याच्या काट्यांचे ओरखडे. नवरा लवकर गेलेला. घर दिराबरोबर एकाच अंगणात. मागे भाजीचा मळा, मळ्यापलीकडे ऊस आणि ऊसच. समुद्र त्यांनी आयुष्यात चार-दोनदा पाहिला असेल, तोही दुरून.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, ग्रां बेच्या किनाऱ्यावर, नवी हॉटेलं उभी राहत होती. काकींचा एकुलता एक मुलगा सुरेश तिथे वेटर झाला. सुट्टीच्या दिवशी पांढरा शर्ट घालून घरी यायचा. एकदा येताना तो मारीला घेऊन आला. मारी तिथल्याच एका कोळ्याची मुलगी, ख्रिस्ती, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची. दोघांनी सरकारी कचेरीत लग्न उरकलं होतं. मारीला मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती सगळ्यांना क्रेओलमध्ये, बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, "बोंजूर" म्हणत अंगणात उभी राहिली, आणि उभीच राहिली, कारण तिला कुणी बस म्हटलं नाही.

दीर मंदिराच्या कमिटीतले. माणूस वाईट नव्हता, पण गावात काय बोलतील या धास्तीतच तो जगायचा. पोरं परत गेल्यावर त्याने काकींना काय सांगितलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच, की दुसऱ्या सकाळी काकी पदर खोचून भांडी बांधत होत्या.

"कुठं निघालात?" मी कुंपणावरून विचारलं.

"ग्रां बेला. सुरेशला भात कोन शिजवून घालनार? त्याची बायको नुसती पाव-मासळीवर वाढलेली."

आम्ही हसलो. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पुढच्या ऊसतोडणीच्या आत परत येतील. तिकडे राहणं गोऱ्यांना परवडतं, नाहीतर पर्यटकांना. ऊस वाहणाऱ्या लॉरीवर पाटा-वरवंटा, देवाची पेटी आणि कढीपत्त्याचं एक रोप चढलं. काकी ड्रायव्हरशेजारी बसल्या. रोप मांडीवर. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. रोप कलंडेल म्हणून असेल.

काही महिन्यांनी मी दोन बस बदलून त्यांना भेटायला गेले. काठाकाठाने श्रीमंतांचे बंगले, उंच भिंती, भिंतींवर बोगनवेल. त्या भिंतींच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या, ते काकींचं घर. त्या दोन खोल्यांच्या भाड्यात आमच्याकडे अख्खं घर आणि मळा मिळाला असता.

"आयो, बाय, आलीस!" त्यांनी मला घट्ट धरलं. मग तक्रारी सुरू झाल्या. "इथं समदं विकत. कोथिंबिरीची काडी पन विकत, आन भाव हॉटेलवाल्यांचा. आन हा समुद्र! कोन तरी रात्रंदिवस सूप पाखडतंय असं वाटतं. दाने पडतच नाहीत."

दारापुढे त्यांनी मिरच्या लावल्या होत्या. वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात त्या करपून गेल्या होत्या. काकी त्या रोपांकडे बघत राहिल्या. "माती नाय गो इथं," त्या एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आता त्या परत येणार.

त्या आल्या, पण माती न्यायला. आपल्याच मळ्यातली माती त्यांनी गोणपाटाच्या पिशवीत भरली आणि बसमध्ये चढल्या. मी त्यांना बसवून द्यायला गेले होते. कंडक्टरने पिशवी उचलून पाहिली.

"यात काय आहे?"

"माती."

"माती? माती कशाला? तिकडे जमीन नाही का?"

"जमीन हाय. माती नाय. तू तिकीट फाड."

मातीचं तिकीट घ्यायचं की नाही यावर सबंध बसने मत दिलं. कुणी म्हणे घ्या, कुणी म्हणे म्हातारीला छळू नका. शेवटी ड्रायव्हरने पिशवी आपल्या सीटमागे ठेवून घेतली. त्यानंतर काकी गावी आल्या की मोकळ्या हाताने कधी गेल्या नाहीत. ड्रायव्हर त्यांना ओळखायला लागला. "आज किती गाव नेताय, मामी?" असं विचारायचा.

वर्षभरात ग्रां बेच्या त्या दारापुढे वाफा उभा राहिला. कोथिंबीर, भेंडी, वांगी. बंगल्यांतले स्वयंपाकी भिंतीवरून डोकावून कोथिंबीर मागायचे. पण मला वाफ्यापेक्षा नवल वाटलं ते घरात. सुरेश हॉटेलात दिवसभर राबायचा. सासू-सून दोघीच घरात. काकींचं क्रेओल बेताचं, मारीला मराठी नाही, मग दोघी वस्तू उचलून दाखवत बोलायला लागल्या. मीठ. तवा. जाळ कमी कर. आमच्या गावातली तरुण पोरं आईचं मराठी ऐकून उत्तर क्रेओलमध्ये द्यायची, आणि ही कोळ्याची मुलगी मला विचारत होती, "तुमी जेवनार ना? मी वांगं केलंय." सासूला ती काकीच म्हणायची. आम्ही म्हणायचो म्हणून.

देवाच्या पेटीशेजारी मारीचा क्रूस टांगलेला होता. मी तिकडे पाहतेय हे काकींच्या लक्षात आलं. "जागा एवढीशी, बाय. पन दोघं भांडत नाहीत."

त्याच दुपारी काकी वाफ्यात असताना मारीने मला ती जुनी गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी क्रेओलमध्ये. दिराने सांगितलं होतं, मुलगा कधीही येऊ दे. पण ती मुलगी ओट्यावर जेवेल, स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही.  ग्रां बेला पोचल्यावर काकींनी पाटा-वरवंटा मांडला, मारीचा हात धरून तिला चुलीपुढे बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन बसल्या. "त्या बोलल्या त्यातला मला एक शब्द समजला नाही," मारी म्हणाली, "पण मी रडले."

पुढे काही वर्षांनी दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. शांताला आई नव्हती. काकींनीच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. दीर स्वतः ग्रां बेला आले. योगायोगाने मी तिथेच होते.

"वहिनी, हळद तुमच्या हातची लागायला हवी. चला घरी."

काकींचा चेहरा उजळला, ते त्यांना लपवता आलं नाही. इतकी वर्षं त्या घरी परतण्याचं कधी बोलल्या नव्हत्या, पण गावचं नाव काढलं की त्यांचे हात नुसते चुळबुळायचे. "येते की," त्या म्हणाल्या. "आमी दोघी येतो. हळद मारी वाटेल."

दीर खाली वाळूकडे बघू लागले. "मांडवात येऊ दे तिला. जेवू दे. पण आत... लोक काय म्हणतील, वहिनी?"

"लोकांना मी काय सांगू, भाऊजी? माझी तब्येत बरी नाय, असं सांगा."

"तुमची तब्येत चांगली आहे."

"मग काय सांगायचं ते तुमीच ठरवा."

दीर गेले. मारी म्हणाली, "काकी, तुमी जा. मी राहते." काकींनी तिला फक्त बाजूला बसवलं आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

लग्न झालं. हळद एका लांबच्या आत्याने लावली. शांता पाटावर बसून सारखी फाटकाकडे बघत होती. मी तिच्या मागेच उभी होते, म्हणून मला दिसलं. पाठवणी झाली, मोटार निघाली. सासर आमच्याच गावाच्या बाजूला, घडीभराची वाट. पण मोटार तिकडे वळलीच नाही. शांताने नवऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, त्याने मोटार बेट ओलांडून थेट ग्रां बेला नेली.

पुढचं मला शांताने सांगितलं. भरजरी साडीत ती वाळू तुडवत गेली तेव्हा हॉटेलातले पाहुणे उभे राहून बघत होते. काकी वाफ्यात वाकलेल्या. मातीचे हात वर धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. शांता म्हणाली, "हळद राहिली माझी." काकींनी हात धुतले नाहीत. मारीला हाक मारली. मारीने घाईघाईने पाट्यावर हळद वाटली आणि दोघींनी मिळून नवरीच्या गालांना लावली, नव्या नवऱ्यालाही लावली. त्याचा कोट पिवळा झाला.

गावात यावर खूप बोलणं झालं. 

काकी गेल्या त्या १९८५ च्या सुमारास. सकाळी भेंडीला पाणी घालता घालता खाली बसल्या, उठल्याच नाहीत. सबंध गल्ली बस करून निघाली. दीरही आमच्याबरोबर होते, पुढच्या सीटवर, काठी धरून. 

बस थांबली तशी माणसं भराभर आत शिरली. दीर मात्र बाहेर वाळूत उभे राहिले. मी त्यांना हाक मारणार, एवढ्यात मारी बाहेर आली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले.

"काका, आत या," ती म्हणाली. "चपला राहू देत. वाळूच हाय सगळी."

ते तिच्या मागून आत गेले. पुढची खोली माणसांनी भरली होती, तिथेच काकींना ठेवलं होतं. दिरांनी हात जोडले, आणि काठीवर भार देऊन ते इकडेतिकडे बघू लागले. बसायला जागा उरली होती ती फक्त स्वयंपाकघरात. चूल त्या दिवशी पेटली नव्हती. मारीने चुलीजवळ पाट टाकला, त्यांच्या दंडाला धरून हळूच खाली बसवलं, आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली.