काकांना न पटलेली घरं

सोलापुरात माणसानं राहावं अशी एकही जागा नाही, हे शहराच्या चारी दिशांना स्वतः हिंडून सिद्ध करणारा एकच गृहस्थ मला माहीत आहे, आणि हे सगळं हिंडणं त्यांनी माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून केलेलं आहे. होटगी रोडला धूळ आहे, विजापूर रोडला हॉर्न आहेत, जुळे सोलापुरात माणसं फार आहेत, बाळे गावात माणसंच नाहीत, शेळगीचं पाणी जड आहे, आणि नवी पेठ ही पिशवी घेऊन जायची जागा आहे, झोपायची नव्हे. ही सगळी मतं आमच्या समोरच्या काकांची. मी फक्त पेट्रोल घातलं.

स्टेशनजवळच्या आमच्या गल्लीत, आमच्या दाराच्या बरोब्बर समोर, काका आणि काकू माझ्या जन्माच्या आधीपासून भाड्यानं राहत होते. काका रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी समोरचा माणूस विनातिकीटच आहे असं धरून बोलायची त्यांची सवय गेली नव्हती. दारात आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते उलटीपालटी करून, उजेडात धरून बघायचे आणि मगच आणणाऱ्याला बस म्हणायचे. माझ्या लग्नात मुहूर्त हुकला म्हणून त्यांनी भटजींना असं काही झापलं की बिचाऱ्यांनी दक्षिणा खाली मान घालून घेतली. वास्तविक त्या मुहूर्ताशी काकांचा काडीचा संबंध नव्हता. काका ज्यू होते.

हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात यायचं नाही. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात चोख मराठी, काकूंच्या अंगावर नऊवारी नाही पण पाचवारी नीट चोपून नेसलेली. लोक त्यांना कोकणातले कुणीतरी समजून मोकळे व्हायचे. मग शनिवार उजाडायचा. शनिवारी काकांच्या घरात चूल पेटत नसे, काका वाहनात बसत नसत, पेनाला हात लावत नसत. पांढराशुभ्र शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसत आणि कामावर निघालेल्या आम्हा सगळ्यांकडे दयेनं बघत. कुणी कारण विचारलंच, तर काका पूर्ण इतिहास सांगत. "आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. तेलाचा घाणा चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. आता पुढं विचार." पुढं कुणी विचारत नसे. एकदा एकजण म्हणाला, "म्हणजे ख्रिश्चनातलेच की ओ तुम्ही!" त्यावर काका म्हणाले, "त्यांच्या आधीचे. आमचं तिकीट जुनं आहे."

एके काळी रेल्वेमुळे अशी बरीच घरं सोलापुरात होती. त्यांच्यात सार्वजनिक प्रार्थनेला दहा मोठे पुरुष लागतात, आणि ते सहज जमायचे. मग बदल्या झाल्या, माणसं निवृत्त झाली, कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्राएलला. उरले हे दोघं. त्यात मागच्या वर्षी घरमालकानं घर विकायला काढलं. ठाण्याला राहणाऱ्या मुलीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, की जागा सोडायच्या आत दुसरं घर मिळालं तर ठीक, नाहीतर दोघांनी कायमचं तिच्याकडे यायचं. तिथं त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, त्यांची माणसं आहेत, सगळं आहे. काका हट्टाला पेटले. म्हणजे ज्या गावाला ते रोज सकाळी तोंड धुता धुता नावं ठेवत, ते गाव सोडायला लागू नये म्हणून त्यांना ताबडतोब घर हवं होतं, आणि घर तर एकही पसंत पडत नव्हतं.

मी शाळेत शिकवतो, म्हणून काका मला मास्तर म्हणत. दर रविवारी मास्तरनं स्कूटर काढायची आणि काकांना नव्या वस्तीत घेऊन जायचं, असं ठरून गेलं. ज्या माळावर माझ्या लहानपणी बोरीच्या झुडपांखेरीज काही उगवत नव्हतं, तिथं आता कमानी उगवल्या आहेत. कमानीवर युरोपातलं नाव, आत गुडघाभर खड्डे, आणि गॉगल डोक्यावर चढवलेला एक एजंट. "या साहेब, पूर्वेला तोंड हाय, वास्तू एकदम ओके!" काकांना पूर्वेशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं जेरुसलेम पश्चिमेला. प्रार्थनेला उभं राहायला त्यांना पश्चिमेची एक भिंत मोकळी हवी होती, आणि सोलापुरातल्या झाडून सगळ्या बिल्डरांनी पश्चिमेच्या भिंतीला संडास काढून ठेवले होते. "मास्तर, गाडी वळव," काका म्हणत.

दुसरी गोष्ट चौकटीची. ज्यू माणसाच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक नळी ठोकलेली असते, तिला मेझुझा म्हणतात. आत धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेली गुंडाळी असते, आणि घरात शिरताना तिला हात लावून तो ओठांशी न्यायचा. काका प्रत्येक दाराची उजवी चौकट टिचकी मारून बघत. ग्रॅनाइट. सगळीकडे ग्रॅनाइट. एक एजंट म्हणाला, "त्यात काय साहेब, डबल टेपनं चिकटवू की!" काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गॉगल डोळ्यांवर घेतला. "देवाचं नाव डबल टेपवर?" काका एवढंच म्हणाले. शिवाय दूध आणि मटण यांची भांडी वेगळी, म्हणून काकूंना दोन मोऱ्या हव्या होत्या. त्यावर एका बिल्डरनं सहानुभूतीनं विचारलं, "सुना लई भांडतात का?" काकांना एक मुलगी, सून नाहीच.

यातून एखादं घर पास झालंच, तर काका संध्याकाळ होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघत उभे. शनिवार संपतो तो संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्यावर, आणि त्या आपल्या घरातून दिसल्या पाहिजेत हा त्यांचा आग्रह. समोर सोन्याच्या दुकानाचं भलंमोठं होर्डिंग, त्याच्यावर फोकस, शेजारी मंगल कार्यालयाची रोषणाई. खालून एजंट ओरडायचा, "ओ साहेब, कार्पेट एरिया बगा की! वर काय बघायलाव?" काका वरूनच सांगायचे, "तुझं गाव बघतोय. दिसत नाही." मी जिन्यात बसून माझ्या वाया गेलेल्या रविवारांना शिव्या घालत असे. काकू घरी होत्या, गुडघ्यांना तेल चोळत. त्यांना एकदा मी वैतागून म्हटलं, की काकांना कुठे स्थिर बसायचंच नाही. काकू म्हणाल्या, "सगळी नोकरी लोकांना गाडीतून उतरवण्यात गेली रे त्यांची. स्वतः बसायचं कसं ते शिकलेच नाहीत."

आणि मग ते घर मिळालं. शहराच्या कडेला, तळमजला, काकूंच्या गुडघ्यांना एकही पायरी नाही. चौकट सागवानी. पश्चिमेची भिंत कोरी करकरीत. मागं ज्वारीचं रान, त्यामुळे आभाळ मोकळं. पुढं चार कुंड्या मावतील एवढं अंगण. काका बोलायचे थांबले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. उजव्या चौकटीवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "नळ डावीकडं आहे." याचा अर्थ घर पसंत होतं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

सोसायटीचे सेक्रेटरी सफारीतले, निवृत्त साहेब. त्यांनी चहा मागवला, आडनाव ऐकून खूश झाले, ज्यू म्हटल्यावर थोडे गोंधळले, पण माणूस सभ्य होता. "असू दे, असू दे. आमचा नियम एकच. सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही. तुम्ही खाता का?"

आता इथं थांबून एक सांगायला हवं. काकांना मटण चालतं ते त्यांच्या नियमानं कापलेलंच, आणि ते कापायला शिकलेला त्यांच्यातलाच माणूस लागतो. सोलापुरातला तो शेवटचा माणूस कधीच ठाण्याला निघून गेला होता. इथल्या बाजारातल्या मासळीवर काकूंचा विश्वास नाही. तेव्हापासून त्या घरात वरण, मेथी आणि शेपू. त्या सोसायटीत जे सभासद दारावर शाकाहाराची पाटी लावून रविवारी हायवेवरच्या धाब्यावर सुक्कं मटण हाणत होते, त्यांच्यापेक्षा काका कैक पटींनी शुद्ध होते. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं.

"खातो," काका म्हणाले.

सेक्रेटरींचा कप हातातच राहिला. भला माणूस, त्यांनी वाट करून द्यायचा प्रयत्न केला. "म्हणजे पूर्वी कधी खात असाल..."

"खातो. मटण. आवडीनं खातो."

मी टेबलाखालून काकांचा पाय दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला, चहा संपवला, बशीत कप पालथा घातला आणि उठले.

रस्त्यावर आल्यावर मी स्कूटर सुरूच केली नाही. मला भयंकर राग आला होता. "काका, घरात शेवटचं मटण कधी शिजलं?"

"आठवत नाही."

"मग खात नाही म्हणायला काय झालं होतं? जीभ झिजली असती?"

"मिळत नाही आणि खात नाही, यात फरक आहे, मास्तर." काका रानाकडे बघत म्हणाले. "या गावात आमचा कापणारा होता. दहा माणसं जमत होती. सणाला आमच्या घराघरांत मटण शिजत होतं. मी आज खात नाही म्हटलं की ते सगळं मीच पुसून टाकलं. घरासाठी? एवढं मोठं नाही ते घर."

मला ते तेव्हा मुळीच पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. काकूंच्या गुडघ्यांपुढं असला मानीपणा मला बेजबाबदार वाटतो, आणि मी तसं काकांना तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदरात तोंड लपवून पोटभर हसल्या. नंतर, काका आत गेल्यावर, मला हळूच विचारलं, "अंगण होतं का रे?" मी होतं म्हटलं. "बरं," असं म्हणून त्या माझ्याकडून माळ्यावरची भांडी उतरवून घ्यायला लागल्या. दुधाची एका खोक्यात, मटणाची दुसऱ्यात. ती दुसरी भांडी इतकी वर्षं न वापरता त्यांनी घासूनपुसून ठेवली होती.

दोघं ठाण्याला गेले. स्टेशनवर मी सोडायला होतो. डब्यात एक तरुण टीसी आला, म्हातारी माणसं बघून तिकीट न बघताच त्यानं हात केला. काकांनी त्याला परत बोलावलं, तिकीट त्याच्या हातात दिलं आणि उलटसुलट करून बघायला लावलं. काकू खिडकीबाहेर बघून डोळे पुसत होत्या.

आता काकांचा फोन रविवारी येतो. ठाण्याला ते नावं ठेवतातच. "प्रार्थनेला भरपूर माणसं येतात रे, पण सगळी घड्याळाकडे बघत. मटण कोपऱ्यावर मिळतं, पण चिवट. आणि मी कोण, हे इथं कुणी विचारतच नाही. शनवार तेली म्हणून सुरुवात करावी, तर समोरचाही तोच. तोंडाला गंज चढला." काकू मजेत आहेत, बोलायला बाया मिळाल्या आहेत. फोन ठेवता ठेवता काका सहज विचारल्यासारखं विचारतात, "देगावच्या बाजूला काही निघालंय का? बघून ठेव." डॉक्टरनं त्यांना अलीकडे जिना उतरायला बंदी केली आहे, हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. तरी मी रविवारी स्कूटर काढतो.

गेल्या रविवारी देगावच्या बाजूला एक घर पाहिलं. जुन्या पद्धतीचं, बैठं. मालकीण म्हातारी, दारात शेंगा फोडत बसलेली. "कोन हायती मानसं?" तिनं विचारलं. मी गलबतापासून सुरू केलं, घाण्यापर्यंत आलो. मटणाचंही आधीच सांगून टाकलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. "खाऊ द्या की काय खायचं ते. घर झाडून ठिवलं म्हंजी झालं." मी आत गेलो. चौकट लाकडाची होती. पश्चिमेला नुसती भिंत होती. मागच्या दारात एक नाही, दोन मोऱ्या होत्या. मी तिथं उभा राहून नुसता बघत राहिलो, आणि तेवढ्यात काकांचा फोन आला.

"कसं आहे?"

"काही खरं नाही, काका," मी म्हणालो. "पाणी जड आहे. धूळ तर विचारू नका. आणि मालकीण आगाऊ आहे."

मग काका म्हणाले, "वाटलंच होतं मला. देगावात कुणी राहतं का!" त्यांचा आवाज मोकळा झाला होता. काकूंना हाक मारून ते देगावबद्दल सांगायला लागले.

मी बाहेर आलो. म्हातारीला म्हणालो, घर फार चांगलं आहे, पण माणसं यायची नाहीत. तिनं शेंगांनी भरलेली ओंजळ माझ्यापुढं केली आणि म्हणाली, "मग बघाया कशाला आलाव, बाळा?" काकांशिवाय मला रविवारी करमत नाही, हे मला तिला काही केल्या सांगता आलं नाही.