आधी पाहुण्यांचं पाणी

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत सार्वजनिक नळावर समोरचे काका उभे असतात. भाडेकरूंना ते आडनावानंच दटावतात. "ओ कांबळे, लाइनीत या!" असं मला रोज ऐकवतात. मालक कुणाची खोली खाली करून घेणार असला, की काकांना आधी कळतं. तोंडावर सांगायला मात्र त्यांची जीभ रेटत नाही. मग ते त्या माणसाला 'पाहुणे' म्हणू लागतात, आणि पाहुण्यांचं पाणी आधी. शेजारच्या जोडप्याला तसं म्हणाले आणि काही दिवसांतच दारात टेम्पो लागला.

आज मी रांगेत शेवटी होतो. काकांनी माझ्याकडे न बघता माझी कळशी उचलून नळाखाली ठेवली.

"पाहुण्यांना आधी भरू द्या रे."

कळशी भरून वाहू लागली, तरी मला ती उचलवेना.