वन्संपर्यंत जाणारी तार

रविवार, ९ मार्च. सकाळी सात वाजता समुद्रापलीकडच्या एका माणसाशी बोलले. त्याच्याकडे बर्फ पडतो आहे. वन्संशी बोलणं झालं नाही. दूध उतू गेलं. दुपारी शेगडी घासली.

एवढं लिहून बाईंनी पेनाला टोपण लावलं. दुसरं कुणी असतं तर त्या बर्फवाल्या माणसाचं कौतुक पानभर लिहिलं असतं. सत्तरी ओलांडलेली बाई, हौशी रेडिओची परीक्षा पास होऊन जेमतेम तीन महिने झालेले, आणि पहिल्याच रविवारी तिची मोर्सची टकटक समुद्र ओलांडून गेली! शेजारी बसलेल्या, समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने तर टाळ्या पिटल्या. पण बाईंना समुद्र ओलांडायचाच नव्हता. त्यांना गावामागचा डोंगर ओलांडायचा होता. डोंगरापलीकडे त्यांची नणंद राहत होती.

बाईंची सगळी नोकरी टायपिंगच्या क्लासात गेली. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांत त्यांच्या हाताखालून गेलेली बोटं अजून काम करतात, आणि रस्त्यात भेटली की त्या बोटांची माणसं अदबीने बाजूला होतात. यजमान बँकेत होते. मूलबाळ झालं नाही. यजमानांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, तारऑफिसात होत्या; बाई लग्न होऊन आल्या तेव्हा आधीच कमावत्या, आणि बोलायला फटकळ. ‘अगं, कात्री अशी उघडी ठेवतात?’ ‘अगं, ही चादरीची घडी आहे की बोचकं?’ पहिली काही वर्षं तर ते ‘अगं’ कानावर पडलं की बाईंच्या कपाळाची शीर उठायची.

मग सासूबाई गेल्या, आई गेली, थोरली बहीण गेली, शेवटी यजमान गेले. एके दिवशी भाजी निवडताना बाईंच्या लक्षात आलं की आता आपल्याला सगळं जग ‘अहो’ म्हणतं. दूधवाला, डॉक्टर, बँकेतली मुलगी, सगळे अहो. ‘अगं’ म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि तेच मागच्या वर्षी गप्प झालं.

वन्संचे डोळे आधीच गेले होते, मागच्या वर्षी कानही गेले. फोन केला की पलीकडून एकच वाक्य यायचं, ‘काही ऐकू येत नाही, ठेवते.’ त्यांच्याकडे राहणारी सोबतीण तळहातावर बोटाने अक्षरं काढून निरोप सांगू बघायची, तर ‘गुदगुल्या करू नकोस’ म्हणून वन्सं हात ओढून घ्यायच्या. त्यांची एकच गोष्ट चालू होती. नोकरीत असताना हौसेने घेतलेला रेडिओ सेट होता, आणि दर रविवारी सकाळी सातला त्या त्याच्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोट ठेवून बसायच्या. मोर्सचे ठोके बोटाला लागतात, ते त्यांना वाचता यायचे. जुने तारवाले दोस्त असे भेटायचे.

सोबतिणीने हे फोनवर सांगितलं त्याच आठवड्यात बाईंनी मोर्सचं पुस्तक आणलं. वन्संना मात्र कळू द्यायचं नाही, अशी सोबतिणीला ताकीद दिली.

“का हो?” ती म्हणाली. “खूश होतील की.”

“खूश? आधी हसतील. जमलं की मग हसू देत.”

पहिला सेट बाईंनी कुणालाही न विचारता आणला. हातात मावणारा, काळा, गोल कडांचा. दुकानदार म्हणाला, ‘आजी, यापुढे मोबाइल फिका,’ आणि बाई भुलल्या. घरासमोरच्या फुटपाथवर चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याच्या मालकाला या रेडिओचा जुना नाद होता. बाई सेट घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याने तो उलटसुलट केला आणि कपाळाला हात लावला.

“बाई, नंबर काढायच्या आधी फ्रेम पसंत केलीत.”

“म्हणजे?”

“हा बोलायचा सेट. साधारण नजर पोचते तिथवर जातो. मध्ये डोंगर आला की खेळ खलास. आणि तुम्हाला बोलायचंय कुठे? तुम्हाला ठोके पाठवायचेत.”

“मग आता याचं काय करू?”

“माझ्याशी बोला. मी दिसतो तुम्हाला खिडकीतून.”

पुढचा सेट त्यानेच हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबातून मिळवून दिला. वापरलेला, एक तबकडी, मोजकी बटणं, ठोके पाठवायला बोटाने दाबायची पितळी कळ. दिसायला अगदी बाळबोध. पण शॉर्टवेव्हवर चालणारा. डोंगराबिंगराची पर्वा न करणारा.

राहिली एरियल. इथे बाईंनी यादी मागवली, वाचली, खुणा केल्या. एक होती गॅलरीच्या कोपऱ्यात उभा करायचा सडसडीत खांब. दुसरी म्हणजे अंगणभर आडवी ताणायची नुसती तार. खांबापुढे लिहिलं होतं, ‘सर्वांत लांब पोचणारी.’ तो नीटनेटकाही दिसत होता. बाईंच्या घरात पायपुसणंसुद्धा फरशीच्या रेघेला समांतर असतं, तिथे अंगणात लोंबती तार कोण लावणार? चष्मेवालाही म्हणाला, “घ्या खांब. जग ऐकेल तुम्हाला.”

जगाने ऐकलं. वन्संनी नाही. त्या नऊ तारखेला सोबतिणीचा फोन आला, “बोट ठेवून बसल्या होत्या हो, पण काही नाही म्हणाल्या. आणि बाई, वाईट वाटतं सांगायला, महिनाअखेर सेट क्लबला देऊन टाकणार आहेत. म्हणतात, आता कुणी येत नाही, उगाच धूळ कशाला पुसायची.”

सेट गेला की ते दारही बंद. संध्याकाळी चष्मेवाला आला, तेव्हा बाई खांबाकडे पाठ करून बसल्या होत्या.

तो बराच वेळ कागदावर रेघोट्या मारत राहिला. मग म्हणाला, “बाई, माझंही चुकलं. आम्ही सगळे लांबच्याच मागे लागलेले. तुमची अडचण वेगळी आहे. तुमची नणंद फार जवळ आहे.”

“आयुष्यभर तेच तर दुखणं होतं,” बाई म्हणाल्या.

तो हसला, पण समजावून सांगितलं. खांब आवाज तिरका, दूर फेकतो. तो आभाळाला लागून खाली उतरतो तोवर वन्संचं गाव कधीच मागे पडलेलं असतं. त्यांना गाठायचं तर आवाज सरळ डोक्यावर फेकायला हवा, नळी वर धरली की पाणी आपल्याच आसपास पडतं तसा. त्यासाठी आडवी तार, तीही उंच नको, डोक्यावर हात पुरेल इतपतच.

“किती लांब?”

“तुमची कपड्यांची दोरी आहे ना, भिंतीपासून टाकीपर्यंत? तीच जागा. टोकं थोडी खाली सोडावी लागतील.”

“वाकडी दिसेल.”

“दिसेल.”

शनिवारी दोरी उतरली आणि तार चढली. दोन्ही टोकं शेपटीसारखी लोंबत होती. बाईंनी एकदाच बघितलं आणि मान फिरवली.

रविवारी त्या अंधार असतानाच उठल्या. झोप लागली नव्हतीच. हाताला काम हवं म्हणून दोन चादरी धुतल्या, पिळल्या, वाळत घातल्या. सातला पाच कमी असताना चष्मेवाला हजर. सेट लावला तर काटा थेट लाल पट्टीत.

“हे काय भलतंच? काल तर झकास होतं.” तो खिडकीशी गेला आणि ओरडला, “बाई! चादरी!”

इतक्या वर्षांच्या सवयीने बाईंनी चादरी त्याच जागी घातल्या होत्या. ओझ्याने तार झोळीसारखी खाली आली होती. दोघांनी धावत जाऊन त्या ओढल्या, जिन्याच्या कठड्यावर भिरकावल्या. तार वर उठली, काटा खाली बसला.

बाईंनी पदराला हात पुसले. आधी वन्संचं रेडिओवरचं चिन्ह, मग स्वतःचं. मग पाच अक्षरं. व्ही, ए, एन, एस, ए. या नावाने त्यांना हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

काही नाही. नुसती खरखर. बाईंनी पुन्हा तेच ठोकलं. चष्मेवाला खुर्चीत पुढे सरकला.

मग ठोके आले. जुन्या तारवालीचे, झरझर, एकाला एक लागून. बाईंनी कागदावर उतरवले. ए. जी. ए.

“हा कुठला कोड?” चष्मेवाल्याने विचारलं.

“कोड नाही,” बाई म्हणाल्या. “मला हाक मारतायत.”

पुढचं यायला वेळ लागला, कारण बाई दर शब्दाला ‘पुन्हा’ म्हणत होत्या. शेवटी कागदावर सगळं उभं राहिलं. ‘अगं हात केवढा जड. टाइपरायटर समजलीस का. पुढच्या रविवारी सराव करून ये.’

“पुढच्या रविवारी,” चष्मेवाला म्हणाला. “म्हणजे सेट...”

“कुठे देतायत आता. त्यांना मला सुधारायचं काम मिळालंय.” बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “चहा घेता ना?”

“घेतो. दुधाकडे लक्ष ठेवा तेवढं.”

रविवार, १६ मार्च. वन्संशी बोलले. सराव हवा. कपड्यांसाठी दुसरीकडे दोरी बांधायची आहे, तोवर चादरी जिन्याच्या कठड्यावर. संध्याकाळपर्यंत कडा ओल्याच.